धोंड्याच्या महिन्यातला कॅमेरा

नानासाहेबांनी रुमालाने झाकलेलं ताट पुढे केलं तेव्हा सुदर्शनला वाटलं, अंगठी असणार. अंगठी नसली तर निदान चांदीचा गणपती तरी.

वाटायला कारण होतं. अधिक महिना चालू होता आणि गारखेड्यातल्या सासुरवाडीत धोंड्याचं जेवण नुकतंच उरकलं होतं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू असं सासरची माणसं मानतात, आणि सुदर्शनला ते मानून घ्यायला काहीच अडचण नव्हती. सकाळी त्याला पाटावर बसवून ओवाळलं होतं. कपाळावर कुंकू होतं. पोटात पुरणाचे धोंडे आणि त्यांच्यावर ओतलेलं तूप एवढं गेलं होतं, की शर्टाच्या खालच्या दोन बटणांनी केव्हाच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती.

"मामा, कशाला उगाच एवढं..." असं म्हणत त्याने हात पुढे केला.

"नाय नाय, घ्याच," सासरे म्हणाले आणि त्यांनी रुमाल उचलला.

ताटात सासूबाईंचा मोबाईल होता. शेजारी बारीक स्क्रू ड्रायव्हरची डबी, एक चिमटा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नखाएवढा कॅमेरा.

"तुमच्या मामींच्या मोबाईलचा कॅमेरा गेलाय," नानासाहेब म्हणाले. "पार्ट मी गुलमंडीवरून आणून ठेवलाय. तुम्ही इंजनेर माणूस. तुमच्या हातानं बसला म्हंजे बरं."

आता इथे सुदर्शनच्या इंजिनिअरिंगबद्दल सांगायला हवं. पदवी खरी होती. शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरीही खरी होती. फक्त ती नोकरी डिस्पॅचमधली होती. माल भरलेली खोकी ट्रकमध्ये चढली की नाही, हे बघायचं. कारखान्यात लागल्यापासून त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आला नव्हता. पेन आला होता, आणि तोही बहुधा ट्रकवाल्याचा. पण लग्न जमवताना 'इंजिनिअर' एवढंच सांगितलं गेलं, आणि सासूबाईंनी, म्हणजे सरूबाईंनी, ते गारखेड्यातल्या भाजीवालीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत पोचवलं. त्या इभ्रतीवर सुदर्शन इथे गादीवर बसत होता, आणि आज ती ताटात येऊन पडली होती.

"बसवतील की," राजनंदिनी, त्याची बायको, दारात उभी राहून म्हणाली. "घरी ट्यूब बदलायची तर वॉचमनला बोलावतात. पण कॅमेरा बसवतील."

"गप गं," सरूबाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या इंजनेराला ट्यूब बदलायला लावतेस व्हय?"

सुदर्शनने विचार केला. नाही म्हणता येत नव्हतं, पण अशक्य आहे असं म्हणता येत होतं.

"मामी, करायला हरकत नाही," तो गंभीरपणे म्हणाला, "पण याला धूळ चालत नाही. कंपनीत असल्या कामाला वेगळी खोली असते. पंखा बंद, खिडक्या बंद. घरात कसं जमणार?"

बाहेर ऊन असं होतं की गच्चीवर वाळत घातलेले कपडे इस्त्री होऊन खाली येत होते. अशात पंखा कोण बंद करणार, असा त्याचा हिशोब. सरूबाईंनी फिनाइल टाकून फरशी पुसली, खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि पंखा बंद केला.

"आणखी काय?"

"माणसाच्या अंगात वीज असते. ती उतरायला लाकडावर बसावं लागतं."

नानासाहेबांनी सकाळचा ओवाळणीचा पाट आणला.

"शिवाय मोबाईलची पाठ उघडायला गरम हवा..."

राजनंदिनी न सांगताच आत गेली आणि लग्नाआधीचा आपला हेअर ड्रायर घेऊन आली. बायको माहेरी आली की कोणत्या पक्षात असते, हे सुदर्शनला त्या क्षणी कळलं.

एवढ्यात मजीदभाई आले. पाटबंधारे खात्यात नानासाहेबांच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी नोकरी काढलेली, आणि जेवणाचं आमंत्रण असूनही ते नेहमीप्रमाणे उशिरा उगवले होते. आत पाऊल टाकताच ते थबकले. कोंदट अंधारी खोली, पाटावर घामाने निथळणारा कुंकू लावलेला जावई, आणि पुढे ताटात मोबाईल.

"अरे नाना, ये क्या! मोबाईलची पूजा घातली का काय?"

"ऑपरेशन हाय," नानासाहेब कुजबुजले. "बस इथं. तुझ्या फोनवर कॅमेरा बसवायचा एखादा व्हिडीओ लाव."

व्हिडीओत फक्त दोन हात दिसत होते. तो माणूस चेहरा का दाखवत नाही, हे सुदर्शनला पुढे समजलं. त्याने ड्रायर फिरवला, फटीत एक जुनं कार्ड सरकवलं, आणि काय आश्चर्य, पाठ लोण्यातून सुरी जावी तशी सुटून आली.

"हात हाय का काय हाय!" सरूबाईंनी बोटं मोडून दृष्ट काढली.

सुदर्शनलाही वाटून गेलं, की आपण उगाच खोकी मोजत बसलो. तो स्क्रू काढून ताटात ठेवू लागला. घोटाळा झाला तो इथे. मजीदभाई जेवायचे राहिले होते म्हणून सरूबाईंनी त्यांच्यासाठी अनारसे आणून त्याच ताटाच्या कडेला ठेवले होते, आणि अनारशांवर होती खसखस. मोबाईलचा स्क्रू केवढा असतो, हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको.

"थांबा," सुदर्शन म्हणाला. "व्हिडीओत या कोपऱ्यात स्क्रू आहे. आपल्याकडे भोक रिकामं आहे. एक कमी पडतोय."

सगळ्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग मजीदभाईंकडे. मजीदभाईंच्या हातात अर्धा अनारसा होता. उरलेला अर्धा चावून झाला होता.

"मेरे कू कामून बघायलेत सब लोगां?"

नानासाहेबांनी फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक काढून आणला. तो आधी उरलेल्या अनारशांवरून फिरवला. काही नाही. मग फरशीवरून. काही नाही. मग नानासाहेबांनी तो मजीदभाईंच्या सदऱ्यावरून, बेंबीभोवती, गोल फिरवायला घेतला.

"गुदगुल्या होरै रे! कुछ लगा क्या?"

"नाय लागत."

"तो फिर पचला समजा. वैसे माल तो ओरिजिनल था ना?"

सुदर्शनने त्या स्क्रूशिवायच पुढे जायचं ठरवलं. जुना कॅमेरा त्याने चिमट्याने काढला, नवा ठेवला आणि त्याची पट्टी दाबली. व्हिडीओतल्या हातांनी दाबली तेव्हा 'टक्' असा आवाज आला होता. इथे आला नाही. पुन्हा दाबली, नाही. सगळे कान टवकारून बसले होते. शेवटी तो 'टक्' सुदर्शनने जिभेने काढला.

"बसला!" सरूबाई म्हणाल्या.

मोबाईल चालू झाला, आणि जो थरथरू लागला तो थांबेना. ताटात ठेवला तर अनारसे नाचू लागले.

"मामी, हे जरा..." सुदर्शनने मोबाईल दोन्ही हातांनी दाबून धरला.

"थरथरायलाय म्हंजे जीव आलाय की त्याच्यात," सरूबाई म्हणाल्या.

राजनंदिनीने आपल्या फोनवरून रिंग देऊन पाहिली. पडद्यावर नाव उमटलं, आवाज मात्र नाही. ऑपरेशनच्या आधी तो व्यवस्थित वाजत होता.

"बरं झालं. दुपारी डोळा लागू देत नव्हता मेला," सरूबाई म्हणाल्या.

मग सरूबाईंनी जावयाचा फोटो काढायला कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट राहिला आणि मागची बॅटरी, म्हणजे टॉर्च, भक्कन लागली. पुन्हा दाबलं. पुन्हा काळोख, पुन्हा बॅटरी. आता ती विझतही नव्हती.

सुदर्शनने डोळे मिटले. आपली पदवी, नोकरी, गारखेड्यातली अब्रू, सगळं त्याला ट्रकमध्ये चढून लांब जाताना दिसलं.

"लई चांगलं केलं जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "लाइट गेली की मी मेणबत्ती शोधत बसायची. आता चिंताच मिटली."

आणि त्यांनी त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

हे मात्र सुदर्शनला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर त्याने खाल्ल्या असत्या, कौतुक गिळताना घास अडकत होता. मजीदभाई जेवायला बसल्यावर त्याने नानासाहेबांना गॅलरीत गाठलं.

"मामा, तुम्हाला खरं सांगतो. मी तसला इंजिनिअर नाही. मी डिस्पॅचला आहे. खोकी मोजतो."

"ठाऊक हाय," नानासाहेब शांतपणे म्हणाले. "लग्नाआधी शेंद्र्याला येऊन गेटवर चौकशी करून गेलतो."

"मग मोबाईल माझ्या हातात का दिलात?"

"म्हणूनच दिला. खऱ्या इंजनेरानं लगेच वळखलं असतं, की ह्यात आधीच कुणीतरी हात घातलाय."

नानासाहेबांनी एकदा आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कॅमेरा गेलाच नव्हता हो. नुसतं धुरकट दिसत होतं. काच बाहेरून पुसली असती तरी भागलं असतं. मला वाटलं, आतून पुसावी. पुसता पुसता पट्टीच तुटली."

"आणि तो स्क्रू?"

"तो परवाच मोरीत गेला."

"अहो, मग मजीदभाईंच्या पोटावरून लोहचुंबक..."

"त्याला काय बोलू नका. शुगर हाय त्याला, आता अनारशाला हात लावायचा नाय." नानासाहेबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या हातून मोडलं हे कळलं असतं तर तिनं मला दिवाळीपर्यंत सोडलं नसतं. तुम्हाला कोण बोलतंय? धोंड्याच्या महिन्यात तुम्ही भिंत पाडली तरी ती म्हणेल, उजेड लई छान यायलाय."

सुदर्शनला राग यायला हवा होता. पण राग येण्यापूर्वीच त्याला एवढं हलकं वाटलं, की त्याने पोटावरचं तिसरं बटणही सैल केलं.

निघायची वेळ झाली. राजनंदिनीची ओटी भरून झाल्यावर सरूबाईंनी जावयाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार अर्धवट लोटलं.

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. मोबाईल तुम्ही नाय मोडला. ह्यांनी मोडलाय."

"तुम्हाला... कसं कळलं?"

"परवा दुपारी मोरीत कडी लावून बसलेते, हेअर ड्रायर घेऊन. मला म्हणाले, केस वाळवायलोय." सरूबाईंनी पदर सारखा केला. "एक केस नाय ह्यांच्या डोक्यावर."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुमच्यासमोर कशी बोलू? जावई घरात असताना नवऱ्याला बोलत असतात व्हय? तुम्ही सुखरूप निघा. मग बघते." मग त्यांचा सूर एकदम मऊ झाला. "आन् अजून एक. मी सगळ्यांना इंजनेर म्हणून सांगितलंय, तसंच सांगत ऱ्हाणार. तुमच्या शब्दाला मी कमीपणा येऊ देणार नाय. फक्त एवढं करा, आमच्या घरात कशाला हात लावू नका."

सुदर्शनने वाकून नमस्कार केला. लग्नात केला होता त्यापेक्षा बराच खालपर्यंत.

खाली गाडीपाशी नानासाहेब उभे होते.

"आजच्या दिवस मुक्काम करा की जावईबापू."

"उद्या ड्युटी आहे मामा."

"मग सकाळी इथूनच जा. चहा घेऊन जा. निदान जेवून तरी..."

"कामून अडवायलात त्यांना?" मागून सरूबाई म्हणाल्या. "वेळेवर निघालेलं बरं असतं. तुम्ही या वर."

आवाज इतका गोड होता की त्याच्यापुढे दुपारचं पुरण फिकं. वरच्या गॅलरीत हात धुवायला आलेल्या मजीदभाईंनाही तो ऐकू गेला असावा. त्यांनी तसेच ओले हात हलवून निरोप घेतला आणि ते घाईघाईने जिना उतरून आपल्या घराच्या दिशेने चालायला लागले.

नानासाहेबांनी बायकोकडे पाहिलं, सुदर्शनकडे पाहिलं, गाडीचं मागचं दार उघडलं आणि ते आत बसले.

"नाना, तुम्ही कुठं?" राजनंदिनीने विचारलं.

"शेंद्र्याला. जावयाची कंपनी आतून बघायची राहिली म्हटलं."

"कपडे तरी घ्या!"

"त्यांचे होतील मला."

सरूबाई काचेशी वाकल्या. "किती दिवस?"

"महिना संपेपर्यंत."

"या निवांत," सरूबाई हसून म्हणाल्या. "मी काय विसरत नाय."

गाडी सुटली. पहिलं वळण येईपर्यंत नानासाहेब मान खाली घालून बसले होते. वळण गेलं, घर दिसेनासं झालं, तसे ते सीटवर ऐसपैस टेकले. सूतगिरणी चौकात सिग्नल लागला तेव्हा ते पुढे वाकले आणि जावयाच्या कानाशी येऊन उत्साहाने म्हणाले,

"मग जावईबापू, तुमच्या घरी काय काय दुरुस्तीला आलंय?"