एकशेवीस-ऐंशीचे नाना

रविवारी लासलगावला खंडेरावांच्या लेकीच्या, मीनाच्या मुलीचं बारसं होतं आणि त्यांची पिशवी गुरुवारपासूनच दाराशी भरून ठेवलेली होती. पिशवीत झबलं, टोपडं आणि चांदीचे वाळे. अडचण एकच होती. खंडेरावांचं ब्लडप्रेशर जास्त निघालं होतं आणि ते खाली आल्याशिवाय एसटीत पाय ठेवायचा नाही, असं फर्मान त्यांच्या मुलानं, ललितनं काढलं होतं.

ललित अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. मापात न बसणारा माल बाजूला काढायचा हे त्याचं काम, आणि घरी आल्यावरही ते सुटत नसे. भाकरी जरा वाकडी झाली तरी त्याच्या कपाळावर आठी पडायची. त्यानं प्रेशर मोजायचं यंत्र विकत आणलं. पहिल्यांदा आलं एकशे अठ्ठावन्न, मग एकशे सेहेचाळीस, मग एकशे बावन्न.

"नाना, हलू नका."

"हललो कुठे? श्वास घेतला."

"मोजताना बोलायचं पण नसतं."

"मग तू विचारू नको!"

"एका माणसाचे तीन वेळा तीन आकडे," ललित विचारात पडला. "यंत्रच डाउटफुल आहे. मास्टर पाहिजे."

कारखान्यात मापाच्या यंत्राचा संशय आला की अगदी अचूक मापाचा एक तुकडा त्यात धरून बघतात. त्याला मास्टर म्हणतात. तो मखमली पेटीत ठेवलेला असतो आणि त्याला साहेबापेक्षा जास्त जपतात. ललितला आता बरोब्बर एकशेवीस-ऐंशीचा माणूस हवा होता. डॉक्टरांच्या पाऱ्याच्या यंत्रावर त्याची खात्री करायची आणि मग घरच्या यंत्राला लावायचा.

"त्यापेक्षा मला लासलगावच्या गाडीत बसव," खंडेराव म्हणाले. "आपोआप उतरेल."

त्यांचं कोण ऐकतो? ललितनं आधी खालच्या मजल्यावरच्या कादरभाईंना धरलं.

"आपल्याला काय धाड भरलीय? रोज सायकल मारतो आपण," असं म्हणत कादरभाई दवाखान्यात गेले आणि येताना कठडा धरून जिना चढले. एकशे सत्तर! मग समोरच्या यशोदाबाई गेल्या. त्यांचं त्याहून जास्त निघालं.

"मेल्या, तुझ्या नादी लागेपर्यंत चांगली धडधाकट होते की रे मी!"

शनिवारपर्यंत अर्ध्या बिल्डिंगचं मीठ बंद झालं होतं, पण मास्टर काही सापडला नव्हता. दर खेपेला ललित खंडेरावांनाही सोबत न्यायचा, कारण घरी ठेवले तर ते पिशवी उचलून पळतील याची त्याला खात्री होती. शनिवारी संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. ललित नंबर लावायला गेला होता, त्यामुळे "हलू नका" म्हणणारं कोणी नव्हतं. दमलेल्या डॉक्टरांना वाटलं, आता नंबर यांचाच. त्यांनी पट्टा गुंडाळला.

"एकशेवीस, ऐंशी. हा घ्या तुमचा माणूस."

घरच्या यंत्रावरही तोच आकडा आला. खंडेरावांनी लगेच पिशवीला हात घातला. "चला. सकाळची पहिली गाडी."

"नाना, मास्टर हलवत नाहीत."

"म्हणजे?"

"खड्ड्यांच्या रस्त्यानं नेला की बिघडतो. आणि कादरभाई, यशोदाकाकू, सगळ्यांनी यंत्रं मागवलीत. ती उद्या तुमच्यावरच तपासायची."

"अरे, जास्त होतं तेव्हा जायचं नाही, बरोबर आहे तेव्हाही जायचं नाही. मग मी जायचं कधी? मेल्यावर?"

"चिडू नका, नाना. मास्टरनं चिडून कसं चालेल?"

खंडेराव खचले. रविवार उजाडला. मीठ नाही, चहा नाही, पेपर नाही, आणि दाराशी शेजाऱ्यांची रांग. एकाचा पट्टा सुटला की दुसऱ्याचा चढे. तिकडे पाळणा सजला असेल, बायका जमल्या असतील, आणि आपण इथे दंड पुढे करून बसलोय. त्यांना रडू येत होतं. तेही त्यांनी गिळलं, कारण यशोदाबाईंचं यंत्र चालू होतं.

कादरभाईंचा पट्टा चढला तेवढ्यात फोन वाजला. सुनेनं रिसीव्हर सासऱ्यांच्या कानाला लावला. मीनाचा आवाज इतका मोठा होता की खोलीभर ऐकू आला.

"नाना, झालं बारसं. मोहिनी ठेवलं नाव. आईचं. तुम्ही हवे होतात हो!"

बायको गेल्यापासून या घरात ते नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. खंडेरावांच्या आधी यंत्रच बोललं. एकशे शहाऐंशी.

"या अल्ला!" म्हणत कादरभाईंनी पट्टा ओढून काढला. रांग पांगली. ललित पाठमोरा होऊन यंत्र पेटीत ठेवत होता आणि त्याला जरा जास्तच वेळ लागत होता.

"मास्टर गेला," तो वळून न बघता म्हणाला. "बिघडलेला मास्टर जागेवर ठेवता येत नाही, नाना. चुकून कोणी वापरला तर? बाहेरच काढावा लागतो. जरा पडा, गोळी घ्या. दुपारी मी सोडतो स्टँडवर."

"बघ हं! मग शब्द फिरवशील."

"पण परत येताना तिथल्या डॉक्टरांचं एकशेवीस-ऐंशीचं सर्टिफिकेट आणा. त्याशिवाय आत घेता येणार नाही. नियम आहे."

संध्याकाळी लासलगावला खंडेरावांच्या मांडीवर मोहिनी झोपली होती. वाळे जरा सैल होत होते, पण ते मोजायला तिथे कोणी नव्हतं. मीनानं आमटीत बेतानं का होईना, मीठ घातलं होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "नाना, दादाचा फोन होता. सर्टिफिकेट कधी घ्यायचं म्हणतोय."

"घेऊ की. पण इथल्या डॉक्टरांचं यंत्र बरोबर आहे की नाही, ते आधी तपासावं लागेल," खंडेराव नातीचं टोपडं सारखं करत म्हणाले. "त्याला मास्टर लागतो. आणि तो सापडायला किती वेळ लागतो, ते तुझ्या दादाला विचार."