मेन व्हॉल्व्हची जागा

"नकाशा कशाला पाहिजे? सगळं विमानतळ माझ्या डोक्यात आहे!" निवृत्ती दिलसुखनगरच्या घरात छाती काढून सांगत होता. शहराबाहेरच्या त्या खासगी विमानतळावर त्यानं सव्वीस वर्षं नळ, पाइप, व्हॉल्व्ह सांभाळले होते. पुढच्या महिन्यात रिटायर! एक वर्ष वाढवून मिळालं, तर मुलीचं, दीक्षाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष निभावणार होतं. अर्ज साहेबांच्या, म्हणजे अप्पारावांच्या, टेबलावर पडला होता.

आणि नेमकं याच वेळी अप्पारावांना कॉम्प्युटरवर नकाशा हवा झाला! प्रत्येक व्हॉल्व्हचा एक ठिपका, बोट लावलं की जागा हजर. टॅब घेऊन हे ठिपके भरायचे कुणी? तर निवृत्तीनं! स्वतःचं सरण स्वतःच रचायचं, वर त्याचं ट्रेनिंगही घ्यायचं!

"अहो, सगळं त्यात भरल्यावर तुम्हाला कोण विचारणार?" विमलाबाईंनी विचारलं.

"मी काय येडा आहे? मेन व्हॉल्व्ह आहे लाउंजच्या भिंतीत, मी दाखवलाय पार्किंगमध्ये. पाइप फुटू दे, 'निवृत्तीअन्ना, जल्दी आओ' करत येतील!"

आणि पाइप पंधरा दिवसांतच फुटला. लाउंजमध्ये घोट्याएवढं पाणी, लोक बॅगा डोक्यावर घेऊन खुर्च्यांवर उभे! टॅबवाली पोरं पार्किंग उकरत बसली. फोन आलाच. निवृत्तीनं आधी चहा संपवला, मग ऐटीत लाउंजमध्ये शिरला.

शिरला आणि जागीच थिजला. व्हॉल्व्हच्या झाकणावर बिर्याणीचं नवंकोरं ग्रॅनाइटचं काउंटर!

"अरे, इथं तर व्हॉल्व्ह आहे!"

"अंकल, बांधायच्या आधी आम्ही नकाशा बघितला होता," नकाशावाली इंजिनिअर नीलिमा रडकुंडीला आली होती. "इथं काहीच नव्हतं!"

ग्रॅनाइट फोडून व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत तीन तास गेले. पँट गुडघ्यापर्यंत वर धरून अप्पाराव समोर आले.

"निवृत्ती, ये ठिपका तुमीच डाले ना? पार्किंग में कायकू डाले?"

आता काय सांगणार? खरं सांगावं तर आजच घरी! ज्या डोक्याचा सव्वीस वर्षं अभिमान मिरवला, तेच त्यानं खाली घातलं. "विसरलो, साहेब. वय झालं."

"हौ," अप्पाराव म्हणाले, आणि अर्जावर 'वय झालं' एवढंच लिहिलं.

संध्याकाळी विमलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "वाढवलं का वर्ष?"

"नाही. वय झालं म्हणे."

"कोण मेला म्हणाला असं?"

"मीच."