पाहुण्यांनी अडवलेले पत्ते

इस्फरा गावातल्या, जर्दाळू परदेशी पाठवणाऱ्या आमच्या कचेरीतलं नेटवर्क मी सांभाळते. "माझ्या हाताखाली ते कधी बंद पडलेलं नाही," असं मी त्या सकाळी म्हणाले. हळू आवाजात, पण तोऱ्यात.

चहा संपायच्या आत आमची कारकून झुलोला आली. "मवजुदा आपा, माझा संगणक म्हणतोय, आयपी पत्ताच मिळाला नाही."

पत्ता नाही म्हणजे इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणजे सीमेवर अडकलेल्या ट्रकचे कागद जाणार नाहीत. ट्रकमध्ये ताजे जर्दाळू आणि बाहेर असं ऊन, की माणूस उभ्या उभ्या मुरावा.

"दुपारपर्यंत कागद गेले नाहीत, तर गिऱ्हाइकाला जर्दाळू नाही, आंबून झालेला शिरका पोचेल," मालक सैफिद्दीनआका म्हणाले.

मी वायर बदलली. बिस्मिल्ला म्हणून संगणक बंद-चालू केला. ढिम्म. शेवटी राउटरमधली यादी उघडून पाहिली, तर द्यायचे सगळे पत्ते वाटून संपलेले!

कुणाला, ते खिडकीतूनच दिसलं. अंगणातल्या ऐसपैस लाकडी तख्तावर बागवाले फोन घेऊन लोळत होते. हंगामात जो जर्दाळूची पेटी घेऊन येईल त्याला आम्ही चहा देतो, रोटी देतो आणि वायफायही देतो. प्रत्येक फोन एकेक पत्ता अडवून बसलेला.

"हाकला त्यांना," आका म्हणाले आणि स्वतःच लाजले. "म्हणजे, फोनना."

"पाहुण्याच्या ताटातलं काढून घेऊ? आका, पहाटेच्या नमाजानंतर मी रोज नेम धरते, आज कुणाला 'नाही' म्हणायचं नाही."

"नेम तुमचा आहे, आपा. ट्रक माझा आहे."

मग मला पुलाव आठवला. आमच्याकडे पुलाव पुढे आला की पाहुण्यानं ओळखायचं. जेवायचं, दुवा मागायची, उठायचं. कचेरीतल्या लोकांसाठी कढई चढलेलीच होती. झुलोलानं ती तख्तावरच्या ताटांत रिकामी केली आणि वाढता वाढता कचेरीतलं इंटरनेट बंद पडल्याचंही बोलून बसली.

"इतक्यात?" म्हातारे नुरुल्लोबोबो म्हणाले. "आम्ही तर आत्ता कुठे टेकलो." पण जेवले, तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि सगळ्यांना घेऊन निघाले.

मी आत धावले. एकही पत्ता सुटलेला नव्हता! फोन निघून गेला तरी मुदत संपेपर्यंत पत्ता त्याच्याच नावावर राहतो. आणि मुदत होती महिन्याची. ती मीच घातली होती. एकदा बसलेल्या पाहुण्याला पुन्हा जागा मागायला लावू नये, एवढाच माझा विचार.

"म्हणजे पुलावही गेला आणि पत्तेही," आका शांतपणे म्हणाले.

मी मुदत तासावर आणली आणि जुन्या नोंदी पुसून राउटर नव्यानं सुरू केला. झुलोलाला पत्ता मिळाला. कागद गेले. थोड्या वेळानं ड्रायव्हर होशिमचा फोन आला, "सुटलो, आपा!" आम्ही रोटी चहात बुडवून खाल्ली. गोड लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगण भरलं. ज्यांची बाग नाही तेही आले होते. नुरुल्लोबोबोंनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पोरी, आज तुमचं इंटरनेट साधारण किती वाजता बंद पडेल?"