खरातांचा चिमटा

आमच्या सोसायटीतले खरात भेटले की नमस्कार करत नाहीत, चिमटा काढतात. उन्हाळा सुरू झाला की गेटपाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात, "हात दाखवा बरं." आपण हात पुढे केला की पंज्यामागची कातडी ते दोन बोटांत धरतात, वर ओढतात आणि सोडतात. चटकन खाली बसली तर तुम्ही मोकळे. रेंगाळली तर खुर्चीशेजारच्या माठातला पेला तुमच्या हातात आलाच. "घोटभर घ्या, मंग जा. कातडं खोटं बोलत न्हाई."

खरात मूळचे बीडकडचे. चाकणच्या एका कारखान्यात भट्टीवर त्यांचं आयुष्य गेलं. तिथे शिफ्टला चढताना सगळे एकमेकांच्या हाताला चिमटा काढून बघत, कारण त्या धगीत कोण कधी कोसळेल याचा भरवसा नसे. त्याचा एक नियम होता आणि तोही ते प्रत्येकाला ऐकवतात. "आपला आपण काढायचा न्हाई. माणूस सोताला सूट देतो. दुसऱ्यानंच काढायचा."

हे सगळं ठीक आहे. पण सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे.

चऱ्होलीतल्या आमच्या इमारती नव्या. झाडं अजून गुडघ्याएवढी आणि सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. म्हणून मी स्वतः बसून उन्हाळ्याची सूचना लिहिली. भर दुपारी बाहेर पडू नये, डोकं झाकावं, सुती कपडे घालावेत, सोबत पाणी ठेवावं, चक्कर किंवा मळमळ वाटली तर सावलीत बसून कुणाला तरी हाक मारावी. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिली आणि बोर्डावर लावली. आठवडाभरात तिच्यावर कुणीतरी घरगुती डब्यांची जाहिरात चिकटवली, आणि ती काढावी असं एकाही सभासदाला वाटलं नाही. त्याच आठवड्यात डिलिव्हरीवाल्यांपासून पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे खरातांसमोर हात पुढे करून रांगेत उभे. माझ्या पोटात दुखलं. स्पष्टच सांगतो, अजूनही दुखतं.

तरी परक्यांचं मी मनावर घेतलं नसतं. खरं दुखणं घरात होतं. आमची सुमन भर दुपारी भाजीला जाते, कारण तेव्हा गर्दी नसते. लग्न झाल्यापासून मी सांगत आलोय, उन्हाची जाऊ नकोस. "तुम्हाला काय कळतंय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. खरातांनी एकदा चिमटा काढला, पेलाभर पाणी पाजलं आणि एवढंच म्हणाले, "वैनी, सकाळी जात जा." दुसऱ्या दिवशी बाई उजाडताच पिशवी घेऊन दारात.

"हेच मी इतकी वर्षं सांगत होतो," मी म्हणालो.

"तुम्ही ओरडत होता. भाऊजींनी हात बघितला."

पुढे तर कहर झाला. घरात कैरीचं पन्हं केलं की मला रोजचा स्टीलचा पेला आणि खरातांसाठी पाहुण्यांचा उंच काचेचा ग्लास, वर ताटली झाकून. त्या ग्लासात केशर असायचं. माझ्या पेल्यात मी बोट घालून शोधलं, नव्हतं.

मग मी मोबाइलवर माहिती काढली. वय झालं की कातडी एरवीही सावकाशच खाली बसते, म्हणजे आमच्या वयाच्या माणसांत या चिमट्यावर भरवसा ठेवता येत नाही. मी विजयी मुद्रेने ते सुमनला वाचून दाखवलं.

"मग पाणी प्यायल्यानं काय बिघडलं?" ती म्हणाली.

मे महिन्यात एका दुपारी ती तो उंच ग्लास घेऊन गेटवर गेली आणि भरल्या ग्लासासकट परत आली. खुर्ची रिकामी होती. "जरा वर जाऊन बघता का?" म्हणाली. मी निघालो. मनात म्हटलं, बरे सापडलेत एकटे. गेटवर खुर्ची टाकायला कमिटीची परवानगी लागते, हे आज सांगूनच टाकू.

खरातांचं दार उघडं होतं. ते कॉटवर बसले होते. पायांत चपला होत्या, पण उठायचं त्राण नव्हतं. पंखा बंद. ओठ पांढरे पडलेले. ओट्यावरचा माठ काठोकाठ भरलेला आणि त्यावर कोरडा पेला उपडा.

"पाणी प्यालात का?"

"पितो की."

"कधी?"

"शिफ्टवरनं आलो की आमची शांता दारातच तांब्या घेऊन हुबी असायची. मागायची सवयच लागली न्हाई. ती गेल्यापासून ध्यानातच येत न्हाई बघा. दुसऱ्याचं येतं."

मी पंखा लावला, टॉवेल ओला करून त्यांच्या मानेवर टाकला, डॉक्टरांना फोन केला. आणि मग न विचारता त्यांचा हात हातात घेतला, कातडी ओढून सोडली. ती तशीच उभी राहिली. आमच्या वयात ती सावकाश बसते हे मला पाठ होतं, तरी मी माठाकडे धावलो. मी पेला भरला आणि त्यांच्या तोंडाला लावला.

"रिटायर झाल्यापासून तुमचा चिमटा कोण काढतं?" मी विचारलं.

"कोन काढनार?" ते म्हणाले. पेला संपवला आणि दुसरा हात माझ्यापुढे धरला. "ह्याचंबी बघा बरं."

डॉक्टरांनी दोन दिवस पडून राहायला सांगितलं. तेव्हापासून ते खाली उतरायच्या आधी मी रोज वर जातो. आधी मी त्यांचा हात बघतो, मग ते माझा. सुमन आता उंच ग्लास दोन भरते. माझ्यात केशर जरा कमीच असतं, पण असतं.

परवा खाली येताना जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे पवार भेटले. हातात पाण्याचा तांब्या. म्हणाले, "खरातांकडे निघालोय. म्हटलं, जरा त्यांचा चिमटा काढून येऊ."

"आजचा काढून झालाय," मी म्हणालो. "पाणीही पाजलंय."

आणि पवार परत आपल्या घरात जाईपर्यंत मी जिन्यातच उभा राहिलो.