परिषदेत ऐकलेलं सगळं

नागपूरच्या तंत्रज्ञान परिषदेत नागसेन, प्रफुल आणि खुशबू तिघेही गाढ झोपले. दोष त्यांचा नव्हता, मोहाचा होता. चैतात कुरखेड्याकडची माणसं पहाटे तीनला उठून मोहाच्या झाडाखाली जातात, गळालेली फुलं वेचतात आणि दुपारी सावली सापडेल तिथे आडवी होतात. तिघांनीही आपापल्या आईबरोबर टोपल्या भरून मगच बस पकडली होती. सभागृहात मऊ खुर्ची, अंधार आणि गार हवा एकदम मिळाली, तेव्हा देहाने गावचंच घड्याळ पाळलं.

तशी तजवीज केलेली होती. धानाच्या राखणीसारखी पाळी ठरली होती: एकाने जागायचं, मग शेजाऱ्याचा खांदा हलवून आपण झोपायचं. नागसेनने प्रफुलचा खांदा हलवला, प्रफुलने झोपेतच खुशबूचा, आणि खुशबूने पलीकडच्या टायवाल्या गृहस्थांचा. ते बिचारे दचकून ताठ बसले आणि संध्याकाळपर्यंत जागे राहिले.

परतीच्या बसमध्ये खुशबूने विचारलं, "नागसेन, तू लिवलं ना?"

"मले वाटलं, तू लिवून राह्यली."

दोघांनी प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलच्या वहीत फक्त तारीख होती, तीही कालची.

वाळलेले मोह फोनवरून थेट लांबच्या खरेदीदाराला दाखवायचे, यासाठी तिघांनी 'टपटप' नावाची कंपनी काढली होती. गावच्या बचत गटातल्या चाळीस बायका सोबत आल्या तर कंपनी, नाहीतर नुसतं नाव. गटाच्या अध्यक्ष शकुबाईंनी बजावलं होतं, "जा, पण जे आयकान ते सगळं आमाले सांगा. मंग ठराव करू." खुशबूने यापायी नागपूरची नोकरी सोडली होती, आणि बाबांनी भीमजयंतीपर्यंतच मुदत दिली होती. ठराव फसला की परत नागपूर.

"टेन्शन नोको घेऊ," प्रफुल म्हणाला. "बायकाईले का मालूम? डोक्यात जे आहे ते सांगू."

डोक्यात फक्त स्वप्नं होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात गट जमला. नागसेनने घसा साफ केला. "तिथी सांगतलं का झाडालेच फोन पायजे. मोह गळाच्या आधी झाड घरी रिंग देईन, 'बाई, आता ये.'"

"अन् उचलला नाई तं?" गटातल्या बुधरीने विचारलं.

"मिस कॉल राहीन."

बायकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. प्रफुलला चेव आला. त्याच्या स्वप्नात अस्वल जेवणाच्या रांगेत ताट धरून उभं होतं आणि कोणालाही ढकलत नव्हतं. "एक मॅडम बोलल्या का मोहावर अस्वलाचाही हक्क आहे," तो म्हणाला. "त्याले सोडून धंदा करता येत नाई."

"मॅडम हुशार दिसते," शकुबाई म्हणाल्या. "खुशबू, तू का आयकलं?"

खुशबू उभी राहिली. समोर तिची आईही बसली होती. खोटं जिभेवर येईना.

"शकुबाई, आमी झोपलो होतो. मी सपन पाहून राह्यली होती. आई जंगलात मोह वेचून राह्यली, मी हाक मारतो तं ओ येत नाई. मंग हॉलमधले सारे लोक उभे झाले अन् आईचं नाव घेऊन हाका माराले लागले. दुरून आईची ओ आली. एवढंच आयकलं मी." तिचे डोळे भरून आले होते.

मग शकुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसू लागल्या.

"पोरी, मालूम आहे. तुमी दिसान म्हणून आमी पंचायतीच्या टीव्हीवर सारा कार्यक्रम पाह्यला. कॅमेरा घडीघडी तुमच्यावरच येत होता. परफुलच्या उघड्या तोंडात माशी जाते का नाई, याच्यावर बुधरीनं पैज लावली."

प्रफुलने पटकन तोंड मिटलं.

"आमी वाट पाहून राह्यलो होतो, खरं कोन बोलते," शकुबाई पुढे म्हणाल्या. "अन् त्या स्टेजवरच्या बाईनं एकच कामाची गोष्ट सांगतली. काही बनवाच्या आधी, जो वापरन त्याले विचारा, त्याले का पायजे. तुमी आमाले विचारलं का कधी?"

दोन वर्षांत तिघांनी कंपनीचं चिन्ह चार वेळा बदललं होतं, पण हे विचारलं नव्हतं.

"मंग आता विचार. ठराव त्याच्यावरच."

खुशबूने प्रफुलची वही ओढून घेतली. "बाई, तुमाले का पायजे?"

आजवर बायकांना हे घरातही कोणी विचारलं नव्हतं. भिंतीला टेकून बसलेली म्हातारी सोमारी डोळे न उघडताच बोलली.

"झोप. चाळीस वरसं झाले, चैतात पुरी झोप नाई पाह्यली. तुमचं ते झाड खरंच रिंग देत असन, तं मी तुमच्या संगं आहो."

कोणी हसलं नाही. एकेक करत एकोणचाळीस हात वर झाले. सोमारीचा मात्र झाला नाही. ती घोरत होती. शकुबाईंनी तिचा हात हळूच धरून वर केला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "लिव पोरी, ठराव मंजूर. अन् हळू बोला सारे."