सरड्याची मेढ

कुंडलिकरावांनी कुंभारीच्या शिवारातून पाळायला सरडा आणला, तेव्हापासून सारजाबाईंनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं होतं. सरडाही जाळीच्या पेटाऱ्यात मलूल पडून होता. त्याला चढायला फांदी हवी, हे कुंडलिकरावांच्या ध्यानात आलं. रुईला, उंबराला चीक, कण्हेर विषारी. म्हणून त्यांनी सौंदडाची, म्हणजे शमीची, चांगली उंच फांदी तोडून आणली. काटे तासले, किडामुंगी मरावी म्हणून उकळतं पाणी ओतलं आणि उरलीसुरली कीडही जावी म्हणून वरून हळद चोपडली. मग सगळीकडून ऊन लागावं म्हणून ती दारापुढं खड्डा करून उभी रोवली. मापासाठी पेटारा शेजारी आणला, तो उघडाच टाकून स्वारी आंघोळीला गेली. एवढा हुशार माणूस, पण नको तिथं हुशार!

शेजारच्या बजाबाईंनी दारात हळद लावलेली सौंदड पाहिली आणि त्यांना गहिवरून आलं. कुंडलिकरावांच्या लेकीच्या, सोनाबाईच्या, लग्नाच्या मांडवाची मेढ रोवली, अन् आंब्याचे डहाळे बांधायला कुणी नाही! त्यांनी डहाळे बांधले, कुंकू लावलं आणि नव्या पेठेत सांगत सुटल्या.

नेमके त्याच दुपारी जेऊरचे मानसिंगराव आपल्या मुलासाठी सोनाबाईला होकार द्यायला आले. मेढ पाहून ते टांग्यातून उतरता उतरता थबकले.

"पोरीचं दुसरीकडं जमवलंसा जणू?"

"न्हाय हो पावणं! ती सरड्यासाठी हाय!" कुंडलिकराव म्हणाले.

"सरड्याला मेढ? वर हळद?"

"किडं मरावं म्हणून लावली की!"

"आमास्नी येडं समजता व्हय? कुटं हाय सरडा?"

कुंडलिकरावांनी पेटाऱ्यात पाहिलं. पेटारा रिकामा. टांगा आल्या पावली वळला.

सारजाबाई चुलीपुढं डोळ्याला पदर लावून बसल्या. कुंडलिकराव मेढ उपटायला धावले, तर बजाबाई आडव्या आल्या.

"रोवलेली मेढ लग्नाआदी काडत्यात व्हय?"

सोनाबाई हळूच बाहेर आली. मुलगा तिच्या मनात भरला होता, हे बापाला तिच्या चेहऱ्यावरून आत्ता कळलं.

"आबा, हितं बगा."

आंब्याच्या पानांत, पानांसारखाच हिरवा होऊन, सरडा फांदीला बिलगून बसला होता. मघाशी तो मानसिंगरावांच्या नाकासमोरच होता.

"थांब, मी बोलवून आणतो त्यास्नी!"

"जेऊरची गाडी सुटली आसंल आबा." तिनं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या मेढ. माजा न्हाय तर त्येचा तरी संसार मांडा."