कलम सात आणि चांगुणाची भवंड

शब्दाचा अर्थ पक्का झाल्याशिवाय माणसाने आजारी पडू नये, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे. आधी पडायचे आणि मागून शब्द शोधायचा, ही खोड देशाला महागात पडते.

गोष्ट त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. जवळा बाजारच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होते. दोनशे अकरा मजूर, एक मुकादम, एक हजेरी कारकून आणि एक निंब, असा भरभक्कम सरंजाम होता. (निंबाची सरकारदरबारी नोंद होती; सावलीची वेगळी.) भर दुपारी खडी फोडता फोडता चांगुणा हातोडा टाकून मटकन खाली बसली.

"काय झालं गं बाई?" मुकादम जळबा धावला.

"भवंड आली, दादा. घडीभर सावलीत बसू द्या."

जळबा भला माणूस. पण हजेरी कारकून किशनराव त्याहून भले. ते नियमाने वागत. परिपत्रकाचे कलम सात स्वच्छ होते : 'घेरी आलेल्या मजुरास अर्धा तास सावलीत बसू द्यावे.' भवंडीचा त्यात उल्लेखच नव्हता.

"घेरी म्हण की," जळबा कुजबुजला.

"पढवलेली साक्ष चालत न्हाई," किशनराव म्हणाले. काय सांगावी त्यांची सचोटी!

तिथल्या तिथे समिती बसली : किशनराव, जळबा, ओव्हरसियर साहेब आणि शाळेचे ग्यानोबा गुरुजी. चांगुणा हा एकमेव पुरावा असल्याने तिने जागचे हलू नये, अशी तिला ताकीद मिळाली.

गुरुजींनी भवंडीचे मूळ थेट 'भ्रम' या संस्कृत शब्दापर्यंत नेले. त्याला सव्वा तास लागला. साहेबांना ते पोरांच्या भोवऱ्यात सापडले. शेवटी पुराव्यानेच तोंड उघडले.

"गुरुजी, मी सांगू का कुठून येती ते? कालधरनं पोटात काही न्हाई. तिथून उठती आन् डोस्क्यात जाती."

समितीने नोंद केली : 'व्युत्पत्ती गावठी. आधार रिकामा.'

आता प्रयोगाशिवाय गत्यंतर नव्हते. चारही सदस्यांनी निंबाभोवती एकवीस-एकवीस फेरे घ्यायचे आणि जे येईल त्याचे नाव सांगायचे, असे ठरले. साहेबांनी धोतर नेसले नव्हते म्हणून बरे. विजार सावरता सावरता त्यांनी दोनदा गुरुजींना आणि एकदा निंबाला मिठी मारली. किशनराव फेरे मोजता मोजता उलटे फिरू लागले. मजूर हातोडे टाकून पोट धरधरून हसत होते. चांगुणाही हसली. हसता हसता तिला दुसरी भवंड आली. (ही समितीच्या कक्षेबाहेर.)

निकाल : भवंड दोन, घेरी एक. गुरुजींना बोलण्याआधीच उलटी झाल्याने ते तटस्थ धरले गेले. सबब भवंड आणि घेरी एकच, चांगुणाचा हक्क शाबीत!

मात्र तोवर चौघेही सदस्य निंबाखाली आडवे झाले होते. (सदस्य मजूर नसल्याने त्यांना कलम सात लागू नाही, ते कितीही वेळ पडू शकतात.) सावली भरली. 'जागा होताच कळवू,' असे किशनरावांनी पडल्या पडल्या लिहून दिले.

समितीला हसू नका. भवंडीचे मूळ कळावे म्हणून तुम्हीही इथवर आलातच की! चांगुणाला कुणी घोटभर पाणी तरी दिले का, हे तुम्हीही विचारले नाही. या, थोडे सरकून घेतो. निंबाखाली तुमची जागा धरून ठेवली आहे.